इंजिन खोलण्याआधी घरीच तपासा गाडीचं कॉम्प्रेशन

गाडी चढाला दम टाकते, ऑइल खाते, उभी असताना थरथरते. गॅरेजवाला म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल." एकदा इंजिन खोललं की खर्च हजारांत जातो. त्याआधी तासाभरात घरीच कॉम्प्रेशन टेस्ट करता येते. जुनी गाडी घेतानाही ती उपयोगी पडते.

कॉम्प्रेशन म्हणजे काय?
पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबतो. हा दाब रिंगा, व्हॉल्व्ह आणि हेड गॅस्केट धरून ठेवतात. यातलं एक जरी गळालं तरी इंजिनाची ताकद जाते.

काय लागेल?
कॉम्प्रेशन गेज, प्लग पाना, चमचाभर इंजिन ऑइल, चांगली चार्ज बॅटरी आणि चावी मारायला एक माणूस. बॅटरी उतरलेली असेल तर आकडा खोटा येतो.

टेस्ट कशी करायची?
1. इंजिन गरम करून बंद करा. हाताला सोसेल इतकं निवू द्या, नाहीतर प्लगचे आटे जातात.
2. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि इग्निशन कॉइलचं कनेक्शन काढा. सीएनजी असेल तर टाकीचा कॉक बंद करा. जवळपास बिडी-काडी नको.
3. प्लगभोवतीची माती फुंकून सगळे प्लग काढा. कोणता प्लग कुठला, ते लिहून ठेवा.
4. पहिल्या सिलिंडरच्या भोकात गेज हातानेच घट्ट बसवा.
5. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाच-सहा झटके स्टार्टर मारा. आकडा लिहा. असंच प्रत्येक सिलिंडरचं करा.

आकडा काय सांगतो?
चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण 120 ते 180 पीएसआय दाब येतो. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत 10 ते 15 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. समजा, तीन सिलिंडरच्या ऑल्टो 800 मध्ये 160, 155 आणि 110 आले, तर दोष तिसऱ्यात आहे.

आता त्या सिलिंडरमध्ये एक चमचा ऑइल टाकून पुन्हा मोजा. जास्त ओतू नका.
- आकडा बराच वाढला: रिंगा किंवा बोअर झिजलं.
- जागचा हलला नाही: व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. आधी टॅपेट तपासून घ्या, कधी कधी त्यावरच भागतं.
- शेजारचे दोन्ही सिलिंडर कमी: बहुधा हेड गॅस्केट.

गळती नेमकी कुठून?
पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणि प्लगच्या भोकात बसणारी नळी मिळाली तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी अगदी वर आणून हवा सोडा. हवेने इंजिन फिरू शकतं, म्हणून पट्टा-पंख्यापासून हात लांब ठेवा. ऑइलच्या झाकणातून हवा जोरात आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा तडा. रेडिएटरचं झाकण गार झाल्यावरच उघडा.

डिझेलवाल्यांनी थांबा
डिझेल इंजिनाचा दाब याच्या दुपटीपेक्षाही जास्त असतो. पेट्रोलचं गेज त्याला लावू नका, ते काम गॅरेजमध्येच करून घ्या.

शेवटी प्लग आधी हाताने फिरवून बसवा, मगच पाना लावा. आकड्यांचा कागद सोबत घेऊनच गॅरेजला जा. कोणत्या सिलिंडरसाठी काय खोलायचं, हे मग तुम्हालाही विचारता येईल.