मोडलेली लिबरेटर विमाने

भिंगारजवळच्या संग्रहालयात महायुद्धातले रणगाडे पाहायला मिळतात; विमानांची हकिकत मात्र विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी अमेरिकी बनावटीची लिबरेटर बाँबफेकी विमाने कानपूरला टाकली. ती पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडलीही. भंगारच म्हणा! 1948 साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने ते हाती घेतले. एका नमुन्याच्या विमानांचे सुटे भाग सारखे असतात. म्हणून एकाचे चाक, दुसऱ्याचे इंजिन असे जुळवत चाळीसएक विमाने उभी राहिली. लांब, अरुंद पंखांमुळे हवेचा रोध कमी, त्यामुळे पल्ला मोठा. पुण्याच्या सहाव्या स्क्वाड्रनने 1968 पर्यंत त्यांतून समुद्रावर टेहळणी केली. 1974 साली त्यांतले एक भारताने ब्रिटनलाच भेट दिले.