जुन्या फाइली, नवा कॉम्प्युटर : ऑफिसातल्या मराठीची तीस-पस्तीस वर्षं

विषय ऐकून काहीजणांना वाटलं असेल, हे कॉम्प्युटर दुरुस्तीचं व्याख्यान आहे. तसं नाही. इतिहासच सांगणार आहे, फक्त तो तीस-पस्तीस वर्षांचा आहे आणि त्यातली बरीच पात्रं आज समोरच बसलेली आहेत.

सुरुवात इथूनच करतो, आपल्या संत तुकाराम नगरातून. इथल्या एका सोसायटीने, नाव घेत नाही, ऑफिसातला जुना कॉम्प्युटर बदलला. सेक्रेटरी काका काळजीचे. सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, नव्या मशीनवर टाकल्या, जुनं मशीन भंगारात दिलं. काही महिन्यांनी एक सभासद वारले. त्यांच्या पत्नी फ्लॅटचे शेअर्स नावावर करून घ्यायला आल्या. नामनिर्देशनाची नोंदवही काढली तर तिला वाळवी लागलेली. मग काकांनी फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, मधेच स्वल्पविराम, डोक्यावर टोप्या घातलेले फ्रेंच वाटणारे ए आणि ओ. आकडे मात्र जसेच्या तसे. म्हणजे फ्लॅट नंबर दिसतोय, तारीख दिसतेय, शेअर सर्टिफिकेटचा नंबर दिसतोय; माणसाचं नाव तेवढं गेलंय.

तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी इंद्रायणीतून कोरडी वर आली अशी श्रद्धा आहे. सोसायटीच्या फाइलला ती सोय नाही. (हशा)

हे असं का झालं, ते समजायला जरा मागे जावं लागेल. आधी टाइपरायटर. मराठी टाइपरायटरवर ‘पिंपरी’ कसं उमटायचं? आधी पहिली वेलांटी, मग ‘प’. कारण कागदावर ती आधी येते. आणि ‘कर्मचारी’मधला रफार? तो ‘म’ उमटल्यावर, वरून. मशीनला उच्चाराशी देणंघेणं नव्हतं, कागदावर काय दिसतं एवढंच. टायपिंग क्लासमध्ये एक पिढीच्या पिढी याच क्रमाने बोटं चालवायला शिकली. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे तोच नडणार आहे.

आता कॉम्प्युटर. आयआयटी कानपूरला ऐंशीच्या दशकात भारतीय लिप्यांसाठी एक तंत्र तयार झालं, त्याला ‘जिस्ट’ म्हणत. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि हे काम तिच्याकडे आलं. सी-डॅक म्हटलं की आपल्याला ‘परम’ महासंगणक आठवतो. पण माझ्या मते ऑफिसातल्या सामान्य कारकुनाचं आयुष्य बदललं ते या जिस्टने. ते एक कार्ड असायचं, कॉम्प्युटर उघडून आतल्या खाचेत बसवायचं. मग डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी दिसायची, तीही इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये.

त्याच्या आत जी सांकेतिक पद्धत होती ती ‘इस्की’. १९९१ मध्ये ती भारतीय मानक झाली, आयएस १३१९४. इस्कीचं शहाणपण असं की ती अक्षराचा आकार साठवत नाही, वर्ण साठवते. ‘पिं’ म्हणजे आधी प, मग वेलांटी, मग अनुस्वार. आपण उच्चारतो तसं. वेलांटी डावीकडे काढायची हे मशीन बघून घेईल. त्यामुळे नावांची यादी कखगघ प्रमाणे लावता यायची, आणि तीच यादी बटण दाबून गुजराती किंवा कन्नड लिपीत बघता यायची.

मग विंडोज आलं आणि, बघा, तंत्र पुढे गेलं पण मराठी मागे गेली. विंडोजला त्या वेळी आपली जोडाक्षरं जुळवता येत नव्हती. तिला समजायचं एवढंच की या नंबरला हा आकार. मग कंपन्यांनी काय केलं? इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. अर्धा ‘म’ एका नंबरला, काना दुसऱ्याला, रफार तिसऱ्याला. जागा जेमतेम दोनशे. आपल्या पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, तिकडे आकृती, हिंदी पट्ट्यात कृतिदेव. लग्नपत्रिकेपासून वर्तमानपत्रापर्यंत सगळं यावर निघालं, सुंदर निघालं. त्यांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. पण प्रत्येकाचे तुकडे वेगळे, नंबर वेगळे. एकाचं दुसऱ्याला वाचता येईना. सी-डॅकने फॉन्टसाठीही ‘इस्फॉक’ नावाची पद्धत आणली होती. बाजार तिच्यामागे एक झाला नाही. गिऱ्हाईक आपल्याकडेच राहावं असं कुठल्या दुकानदाराला वाटत नाही?

आणि यात टाइपरायटरचा क्रम परत आला. आधी वेलांटी, मग प. तुम्ही अशी यादी वर्णानुक्रमे लावलीत तर पिंपरी, चिंचवड, निगडी, दिघी... निगडी आणि दिघी सोडा, दिघीतही पहिली वेलांटीच आहे, ही सगळी गावं एकाच ठिकाणी गोळा होणार, ‘वेलांटी’ या अक्षराखाली! आणि पुणे, ज्याचा प तोच आहे, ते भलतीकडेच.

इकडे जगात युनिकोड आलं होतं, १९९१ मध्येच. त्यातला देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवरूनच घेतलेला आहे. म्हणजे डॉसवर काम करणारा जिस्टवाला कारकून आजच्या मोबाइलच्या जास्त जवळ होता, आणि त्याच्यानंतर दहा वर्षांनी विंडोजवर काम करणारा लांब. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला, र. कृ. जोशी सरांनी केलेला. पण एक्सपीवर मराठीसाठी सेटिंग चालू करायला मूळ सीडी लागायची, आणि ती सीडी किती ऑफिसात होती हे तुम्हाला माहीत आहे. (हशा) म्हणून मंगल घरात असूनही लोक बरीच वर्षं जुन्याच फॉन्टवर राहिले.

भोसरीच्या वर्कशॉपांची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथे पगारपत्रकं, चलनं फॉक्सप्रोमध्ये चालायची. कुणा ओळखीच्या मुलाने लिहून दिलेली. नवं ६४ बिटांचं विंडोज हे १६ बिटांचे जुने डॉस प्रोग्रॅम सरळ नाकारतं. शिवाय कित्येक सॉफ्टवेअरची किल्ली, म्हणजे डोंगल, प्रिंटरच्या जाड पोर्टला लागायची. नव्या मशीनला तो पोर्टच नाही. जिस्ट कार्डाची खाचही २००० च्या आसपास मदरबोर्डवरून जायला लागली. प्रोग्रॅम बिघडले नव्हते. त्यांना राहायला घर उरलं नव्हतं.

परत सोसायटीकडे येतो. पिंपरीतल्या एका डीटीपीवाल्याकडे तो फॉन्ट निघाला. टाकल्याबरोबर नावं दिसली, त्या बाईंचं नाव निघालं, काम झालं. काका म्हणाले, झालं, आता फॉन्ट आहेच. मी म्हटलं, नाही. फॉन्ट हा चष्मा आहे. खालचा मजकूर तसाच आहे. आणि नवं वर्ड त्या मजकुराला इंग्रजी समजतं. तुम्ही टाइप करताना ते वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतं, सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं. इंग्रजीत ही सुधारणा. आपल्याकडे एका अक्षराचं दुसरं अक्षर.

मग आम्ही सगळी नोंदवही युनिकोडमध्ये आणली. कन्व्हर्टरने बरंच काम केलं, पण रफार आणि अर्ध्या चंद्रासारखा ‘ऱ्य’ यांत गोंधळ केला. आचार्यास दिलं की आचाऱ्यास दिलं, हा फरक नोंदवहीत चालत नाही. मधल्या इंग्रजी शब्दांचंही त्याने मराठी करून ठेवलं. म्हणून दोघं बसले, एकाने जुन्यातून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नव्यात बोट ठेवायचं. तीन रविवार गेले.

शेवटी यादी पहिल्यांदाच खऱ्या वर्णानुक्रमाने लावली, तेव्हा एकच सभासद दोनदा निघाला. जुन्या फॉन्टमध्ये ‘क’ दोन तऱ्हांनी जुळवता यायचा, अख्खा किंवा तुकड्यांनी. दिसायला सारखाच. पण शोधताना मशीनला ती दोन माणसं वाटत होती, म्हणून कुणीतरी नाव सापडत नाही असं समजून पुन्हा लिहिलं होतं. दोन नोंदी, आणि त्यांत वारस वेगवेगळे. त्या गृहस्थांना बोलावलं तर ते म्हणाले, दुसरी खरी, पहिली लग्नाआधीची.

बरं, प्रश्न घेऊ. माइक मागे द्या जरा.