टाच कुणाची?

उंच टाचांचे जोडे घालून एखादा पुरुष रस्त्याने निघाला, की माना वळतात, हसू फुटतं. तो अंग चोरून चालतो. पण ही टाच आधी पुरुषांचीच होती. इराणचे घोडेस्वार रिकिबीत पाय पक्का राहावा म्हणून टाचेचे जोडे घालत. सतराव्या शतकात ती युरोपच्या दरबारांत रुळली. फ्रान्सचा राजा चौदावा लुई १७०१च्या चित्रात लाल टाचांवर ऐटीत उभा आहे. अठराव्या शतकात पुरुषांनी टाच सोडली आणि ती बायकी ठरली. म्हणजे लाज टाचेत नाही, बघणाऱ्याच्या नजरेत आहे. कपड्यांवरून बोलणी आपणही खाल्ली आहेत. आपण बायकांनी तरी त्याला हसू नये, असं आम्हांला वाटतं.