जुनं ते सोनं? एका गंजलेल्या मस्टँगचा सौदा

ज्यांना हा भाग ऐकायला जमलं नाही, किंवा ऐकता ऐकता ज्यांचं स्टेशन आलं, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त मधले "म्हणजे" आणि "ॲक्चुअली" थोडे कमी केलेत.

तर आजची गोष्ट आहे एका गाडीच्या विक्रीची.

१० जानेवारी २०२०. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातलं किसिमी हे शहर. मीकम नावाच्या कंपनीचा जुन्या गाड्यांचा लिलाव सुरू आहे. इथे येणाऱ्या गाड्या म्हणजे आरशासारख्या चकचकीत, बोनेटमध्ये तोंड बघून केस विंचरावेत अशा. आणि त्यात एक हिरवी फोर्ड मस्टँग. वय ५२ वर्षं. रंग फिका पडलेला, जागोजागी गंज, अंगावर ओरखडे. आपल्याकडचा कुठलाही एजंट बघताक्षणी म्हणाला असता, "साहेब, आधी डेंटिंग-पेंटिंग करून आणा, मग भावाचं बोलू."

त्या दिवशी हातोडा पडला ३४ लाख डॉलरवर. त्यावर लिलाव कंपनीचं कमिशन धरून खरेदीदाराने मोजले ३७ लाख ४० हजार डॉलर. तेव्हाच्या दराने साधारण साडेसव्वीस कोटी रुपये. तोपर्यंत कुठल्याही मस्टँगला लिलावात एवढी किंमत आली नव्हती.

आता प्रश्न असा की हे पैसे नेमके कशाचे? लोखंडाचे तर नक्कीच नाहीत.

मसल कार म्हणजे काय रे भाऊ

थोडं मागे जाऊ. १९६४ साल. जनरल मोटर्समध्ये एक नियम होता: मध्यम आकाराच्या गाडीत ठरावीक मापापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. त्यांच्याच पाँटियॅक विभागात जॉन डिलोरियन आणि त्याच्या टीमने पळवाट शोधली. मोठं इंजिन गाडीचा भाग म्हणून द्यायचं नाही, ग्राहकाने मागितलेला "ऑप्शन" म्हणून द्यायचं. नियम शाबूत, इंजिन आत. या गाडीचं नाव जीटीओ. आपल्या भाषेत सांगायचं तर कोअर कोडला हात न लावता प्लगिनमधून फीचर रिलीज केलं आणि ते तुफान चाललं.

मसल कारची सोपी व्याख्या हीच. साधी, परवडणारी, दोन दारांची गाडी आणि तिच्यात दांडगं व्ही-८ इंजिन. जीटीओचं इंजिन ६.४ लिटरचं होतं. त्याच काळात आपल्या रस्त्यांवर रुबाबात फिरणाऱ्या अँबॅसिडरचं इंजिन १४८९ सीसीचं, म्हणजे दीड लिटरचं. चार अँबॅसिडरची इंजिनं एका बोनेटखाली, असं समजा.

त्याच वर्षी, १७ एप्रिलला, फोर्डने मस्टँग बाजारात आणली. सुरुवातीची किंमत २,३६८ डॉलर. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत दहा लाख गाड्या बाहेर पडल्या. जाणकार मंडळी मस्टँगला "पोनी कार" म्हणतात, पण ३९० क्युबिक इंचांचं, म्हणजे तेच ६.४ लिटरचं इंजिन बसवलेली १९६८ ची मस्टँग जीटी मसल कारच्या पंगतीत बिनदिक्कत बसते. आपली नायिका तीच.

एकामागोमाग एक नंबरच्या दोन गाड्या

१९६८ मध्ये "बुलिट" नावाचा सिनेमा आला. दिग्दर्शक पीटर येट्स, हिरो स्टीव्ह मॅक्वीन. सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांच्या रस्त्यांवर हिरवी मस्टँग आणि काळी डॉज चार्जर यांचा पाठलाग, जवळजवळ अकरा मिनिटांचा. आज आपण सिनेमात जे कार-चेस बघतो, त्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ इथे सापडतं. या सिनेमाला संकलनाचं ऑस्कर मिळालं. गंमत म्हणजे त्याच पाठलागात एक हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा ओव्हरटेक होताना दिसते आणि चार्जरच्या चाकांवरून चारपेक्षा जास्त व्हील कॅप उडतात. तरी ऑस्कर!

या सिनेमासाठी दोन मस्टँग वापरल्या होत्या. त्यांच्या चासी नंबरचे शेवटचे तीन आकडे ५५८ आणि ५५९. म्हणजे लागोपाठच्या. आता हा नंबर कसा वाचायचा तेही बघू, कारण पुढे सगळं यावरच उभं आहे. आपल्या नायिकेचा पूर्ण नंबर: ८ आर ०२ एस १२५५५९. आठ म्हणजे १९६८. आर म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होजेचा कारखाना. ०२ म्हणजे फास्टबॅक, मागे उतरत्या छपराची बॉडी. एस म्हणजे ३९० चं इंजिन. उरलेला अनुक्रमांक. एका ओळीत सगळी जन्मपत्रिका.

तर या दोन गाड्या म्हणजे इतिहासाने केलेली ए-बी टेस्टच. कारखाना तोच, मॉडेल तेच, सिनेमा तोच. पुढे काय झालं?

५५८ ला स्टंट करायला लावले. उड्या मारून मारून तिची हाडं खिळखिळी झाली आणि तिची रवानगी भंगारात झाली. सगळ्यांनी ती संपली असंच धरलं होतं. २०१७ मध्ये मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया भागात एका गाडीचा सांगाडा सापडला. मूळ इंजिन नाही, हिरवा रंग गेलेला. ज्याच्याकडे ती होती, तो तिच्यापासून वेगळ्याच एका सिनेमातल्या मस्टँगची नक्कल बनवायच्या विचारात होता. नंबर तपासला, तर ५५८!

५५९ मात्र आधी स्टुडिओतल्या एका कर्मचाऱ्याने घेतली. त्याच्याकडून ती न्यू जर्सीच्या एका पोलीस डिटेक्टिव्हकडे गेली. सिनेमातला बुलिटही डिटेक्टिव्हच, हा योगायोग बघा. आणि १९७४ मध्ये तिने "रोड अँड ट्रॅक" मासिकातल्या छोट्या जाहिरातीत जागा पटकावली.

१९७४: विकायला सगळ्यात वाईट वर्ष

इथे जरा थांबू, कारण ही वेळ महत्त्वाची आहे.

१९७० मध्ये अमेरिकेत हवेच्या प्रदूषणाविरुद्ध कडक कायदा आला. विमा कंपन्यांनी तरुण पोरं आणि दांडगी इंजिनं ही जोडी बघून हप्ते चढवले. आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. कच्च्या तेलाची किंमत काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाली. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. अशा वेळी ६.४ लिटरची सेकंड हँड गाडी म्हणजे दारात बांधलेला हत्ती. खायला घालायचं कुणी?

हजारो मसल कार याच काळात कवडीमोलाने गेल्या. ठोकल्या, कापल्या, इंजिनं काढून दुसरीकडे बसवली. त्यात चुकीचं काही नव्हतं, ती फक्त जुनी झालेली गाडी होती. पण म्हणूनच आज त्या दुर्मीळ आहेत.

अशा काळात रॉबर्ट किअर्नन नावाच्या, विमा क्षेत्रात नोकरी करणाऱ्या गृहस्थाने ती मस्टँग काही हजार डॉलरला घेतली. आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं नाही हं! त्याची बायको शिक्षिका होती. ती ही गाडी घेऊन रोज शाळेत जायची. स्टीव्ह मॅक्वीनची गाडी, डिकीत बहुधा वह्यांचा गठ्ठा.

डिसेंबर १९७७ मध्ये किअर्ननला एक पत्र आलं. पाठवणारा: स्टीव्ह मॅक्वीन. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: माझी मस्टँग मला परत हवी आहे, सिनेमात होती तशीच ठेवायची आहे, नव्यासारखी करायची नाही. बदल्यात तुम्हाला दुसरी मस्टँग शोधून देतो. मात्र फार पैसे लागणार असतील तर विषय सोडून देऊ.

विचार करा. हॉलिवूडचा एवढा मोठा हिरो घरी पत्र पाठवतोय, आणि माणूस गाडी देत नाही. पत्र मात्र जपून ठेवतो. १९८० मध्ये मॅक्वीन वारला. त्याच सुमाराला मस्टँगचा क्लच गेला. मीटरवर साधारण ६५ हजार मैल. गाडी उभी राहिली ती राहिलीच. बदल्या झाल्या, घरं बदलली, गाडी सोबत फिरत राहिली आणि शेवटी टेनेसीत येऊन थांबली. जगभरचे चाहते "बुलिटची गाडी कुठे गेली" म्हणून शोधत होते आणि या घरात सगळे चिडीचूप.

पुरावा नसेल तर ती फक्त एक हिरवी गाडी

२०१४ मध्ये रॉबर्ट गेला. गाडी मुलाकडे, शॉनकडे आली. त्याच्यापुढचा पहिला प्रश्न "कितीला विकू" हा नव्हताच. पहिला प्रश्न होता, "ही तीच गाडी आहे हे सिद्ध कसं करू?"

कारण १९६८ ची मस्टँग आणून हिरवा रंग मारला, नावाचे बिल्ले काढले, तशीच चाकं लावली की कोणीही "बुलिट" बनवू शकतो. जगात अशा कितीतरी आहेत. इथे केविन मार्टी हा माणूस कामाला आला. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादनाचा मूळ डेटा त्याच्याकडे आहे. नंबर सांगा, कारखान्यातून गाडी कशी बाहेर पडली ते तो सांगतो. चासी नंबर त्या डेटाशी जुळला. पण नंबर एवढंच सांगतो की गाडी त्या कारखान्यातली आहे. सिनेमात तीच होती, हे बाकीच्या गोष्टी सांगतात: एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्याची साखळी, मॅक्वीनचं पत्र, आणि शूटिंगसाठी गाडीला वेल्ड केलेले कॅमेऱ्याचे आधार, जे अजून जागेवर होते.

आता डेंटिंग-पेंटिंगचा विचार करा. समजा एखाद्या वर्षी हौसेने कोणी म्हणालं असतं, "चला, मस्त नवी करून टाकू." तर सगळ्यात आधी काय गेलं असतं? ते वेल्ड केलेले तुकडे. ते कशाला हवेत, म्हणून ग्राइंडर फिरला असता. मूळ रंग गेला असता. गाडी देखणी झाली असती आणि मुकी झाली असती. प्रोग्रामर मंडळींना पटकन कळेल: कोड सुंदर केला, पण सगळा गिट इतिहासच पुसून टाकला.

जुन्या गाड्यांच्या बाजारात हा बदल गेल्या काही दशकांत हळूहळू मुरला. नव्यासारखी केलेली गाडी पैसे टाकून पुन्हा बनवता येते. पण मूळ अवस्था एकदाच असते, गेली की गेली.

शॉनने गाडी चालती केली. चमकवली नाही. जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या ऑटो शोमध्ये, फोर्डच्या नव्या बुलिट मस्टँगसोबत, ती पहिल्यांदा जगासमोर आली. अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत तिची नोंद झाली.

मग विकली का?

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त हाच प्रश्न छळतो. बापाने खुद्द मॅक्वीनला दिली नाही, ती पोराने का विकावी?

एक व्यवहाराची बाजू आहे. कोट्यवधींची वस्तू घरात ठेवायची म्हणजे विमा, सुरक्षा, सततची धाकधूक. आईला ती गाडी घेऊन शाळेत जाता येत होतं, कारण तेव्हा ती फक्त गाडी होती. किंमत वाढली आणि ती वापरायची सोयच संपली.

दुसरी बाजू वेळेची. "बुलिट" ज्यांनी तरुणपणी थिएटरात बघितला, ती पिढी २०२० मध्ये सत्तरीच्या आसपास होती. हौसही होती, पैसाही होता. पुढच्या पिढीला या पाठलागाचं तेवढंच वेड असेल, याची खात्री कोण देणार? आठवणींना बाजारात भाव येतो, पण आठवणारी माणसं आहेत तोवरच.

लिलावात गाडी कुठलीही किमान किंमत न लावता उभी केली होती. म्हणजे बोली कुठेही थांबली असती तरी देणं भाग. वडिलांच्या काळातल्या किमतीची आठवण म्हणून बोली सुरू झाली साडेतीन हजार डॉलरपासून, आणि बघता बघता दहा लाखांच्या पार गेली.

१९७४ पासून २०२० पर्यंत अमेरिकेत महागाई साधारण पाचपट झाली. म्हणजे साडेतीन हजार डॉलरचे अठरा हजारांच्या आसपास होतात. त्यावरचे जे ३७ लाख आहेत, त्यात मॅक्वीनचं नाव आहे, सिनेमाची जादू आहे, हे खरंच. पण ५५८ लाही तोच सिनेमा होता. फरक पाडला तो ५५९ च्या मालकांनी जे जे केलं नाही त्याने. रंगवली नाही, कापली नाही, पत्र फेकलं नाही, मोठ्या माणसाच्या शब्दाला भुलून दिली नाही.

आणि यात नशीबही भरपूर आहे, हे विसरू नका. क्लच गेला नसता तर गाडी आणखी पळाली असती, झिजली असती, कदाचित कुठेतरी ठोकली असती. किअर्ननला भविष्य दिसत होतं असं अजिबात नाही. त्याला गाडी आवडत होती, बस. तेव्हा हे ऐकून कोणी काकांची गंजलेली स्कूटर गुंतवणूक म्हणून झाकून ठेवू नका. जुनं ते सोनं नसतं. ज्या जुन्याची गोष्ट सिद्ध करता येते, त्याला कधीकधी सोन्याचा भाव येतो.

खरेदीदाराने नाव जाहीर केलं नाही. चाळीसेक वर्षं लपून राहिलेली गाडी दोन वर्षं जगाला दिसली आणि पुन्हा एका अनोळखी दाराआड गेली. आत तो जुना हिरवा रंग अजून तसाच असावा, एवढीच आशा.

पुढच्या भागात भेटू. तोवर घरातल्या एखाद्या जुन्या वस्तूचं मूळ बिल सापडतंय का बघा, आणि सापडलं तर एक फोटो काढून ठेवा. बाय!