फूट, इंच आणि रुपये

लग्न जुळवताना कोण काय पाहतो, हे सांगणारे एक संस्कृत सुभाषित आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. मुलगी रूप पाहते, आई धन, बाप विद्या, नातलग कुळ आणि इतरेजन मिष्टान्न. या यादीत पैसा आहे, उंची मात्र वेगळी नाही. पत्रिकेच्या गुणमेलनात वर्णापासून नाडीपर्यंत आठ कूटांचे ३६ गुण मोजतात. त्यांतही उंचीला एकसुद्धा गुण नाही. उंची पूर्वी पाहिली जात नव्हती, असा याचा अर्थ नव्हे. ती रूपात सामावलेली होती. नजरेने जोखली जाई, आकड्याने नव्हे.

पैशाची गोष्ट निराळी. त्याची झडती मराठी रंगभूमीने फार पूर्वी घेतली. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. त्यात वृद्ध भुजंगनाथ संपत्तीच्या बळावर कोवळी शारदा मिळवू पाहतो आणि तिचा बाप कांचनभट पैशाच्या लोभाने राजी होतो. मात्र एका गोष्टीकडे आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष नेहमी वेधतो. हे लग्न मोडते ते सगोत्रतेच्या मुद्द्यावर; शारदेच्या नकाराने नव्हे. पैशाला धर्मशास्त्राचा नियम अडवू शकला, मुलीची इच्छा अडवू शकली नाही. (१९२९ चा 'शारदा कायदा' हरबिलास सारडा यांच्या नावाचा, त्याचा या नाटकाशी नामसाम्यापलीकडे संबंध नाही.)

पुढे व्यवहाराची दिशा उलटली. इंग्रजी शिक्षण आणि सरकारी नोकरी यांमुळे साठलेल्या संपत्तीइतकेच दरमहाच्या पगाराला मोल आले. जिथे वधूपित्याला पैसा मिळे, तिथे वरपिता हुंडा मागू लागला. मामा वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' 'शारदा'नंतर दोन दशकांच्या आतच आले. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी विवाहविषयक जाहिरातींत 'चार आकडी पगार' होताच. पुढे त्याचा 'पाच आकडी' झाला आणि आता तो 'लाखांचे पॅकेज' म्हणून नांदतो आहे.

उंचीचा आकडा आला तो मात्र निमूटपणे. फूट आणि इंच ही इंग्रजी अमदानीची मापे. सैन्य आणि पोलीस भरतीत उमेदवाराची छाती व उंची मोजली जाई, तीच नोंद पुढे वधूवरांच्या टिपणात येऊन बसली. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापे स्वीकारली. कापड मीटरने आणि दूध लिटरने मिळू लागले. लग्नाच्या बाजारात मात्र सोने अजून तोळ्यांत आणि माणूस फूट-इंचांत मोजला जातो.

या दोन्ही आकड्यांमागचा संकेत एकच : नवरा बायकोपेक्षा उंच हवा आणि तिच्याहून अधिक मिळवता हवा. मुलगी शिकली, कमावू लागली, तरी संकेत ढळला नाही. उलट तिच्यासाठी योग्य ठरणाऱ्या मुलांची संख्या घटली. फरक इतकाच की पैशाच्या मागणीवर नाटके झाली, कायदा झाला, निदान उघडपणे हुंडा मागण्याची लाज निर्माण झाली. उंचीच्या मागणीला 'आवड' म्हणून सोडून दिले गेले. बुटका नवरा आणि उंच बायको हा जोडा आपल्या विनोदात हशा पिकवत राहिला. त्या हशामागचा नियम तपासावा, असे क्वचितच कुणाला वाटले.

कांदेपोह्यांच्या बैठकीत मुलीला चालून दाखवायला सांगत, ही मानहानी होतीच. तिची भलावण करण्याचे कारण नाही. पण त्या बैठकीत माणूस निदान समोर तरी येई. बोलण्या-वागण्याने मत बदलण्यास थोडा वाव राही. संगणकावरील विवाहस्थळांत जात, उंची आणि उत्पन्न यांच्या मर्यादा आधीच भराव्या लागतात. एका इंचाने कमी पडलेला माणूस नाकारला जात नाही, तो दिसतच नाही. शारदेचे दुःख रंगमंचावर मांडता आले, कारण तिला विकणारा बाप समोर उभा होता. या नव्या चाळणीत कुणीच कुणाला नकार देत नाही, म्हणून तिच्यावर नाटक लिहिणे कठीण आहे. आणि आमच्या मते, म्हणूनच ते लिहिले जायला हवे.