संयुक्त मानापमान

गाणारा मुलगा हें जुन्या संगीत नाटक मंडळ्यांचें मोठें भांडवल असे. नायिकेचीं पदें त्यानेंच म्हणावयाचीं. कंठ फुटला कीं भांडवलच धोक्यांत. केशवराव भोसले हे अशाच मुलांपैकीं एक. स्वदेशहितचिंतक मंडळींत त्यांची ‘शारदा’ गाजली. आणि १९०८ च्या जानेवारींत, वयाचीं अठरा वर्षेंही पुरीं झालीं नसतां, त्यांनीं हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही मंडळी स्थापिली. मिसरूड फुटण्याच्या वयांत हें धाडस थोडें नव्हे!

त्या काळचें संगीत नाटक पदांवर चाले. ‘वन्समोअर’ मिळाला कीं कथानक खुशाल थांबे. रसिकांपैकीं कित्येकांस हें खटके, व खटकणें गैरही नव्हतें. पण ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस ‘संयुक्त मानापमान’ झालें, तेव्हां हाच दोष गुण ठरला. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगभूमीवर! खाडिलकरांचें नाटक रंगभूमीवर येऊन दहा वर्षें झालीं होतीं. कथानकाची नवलाई ती काय उरणार? ओढ होती ती गोविंदराव टेंब्यांच्या चाली या दोन गळ्यांतून एकाच रात्रीं ऐकण्याची.

पुरते तीन महिनेही लोटले नाहींत तोंच, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. वय अवघें एकतीस. ‘ललितकलादर्श’ची धुरा पुढें बापूराव पेंढारकरांनीं वाहिली.