चारशे यार्डांवरचा न दिसणारा खोळंबा

१/ ऑक्टोबर १९८६. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा टेकडीवर, तर बर्कली विद्यापीठ तिच्या पायथ्याशी. अंतर सुमारे ४०० यार्ड. दोहोंमधील जाळ्याचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अचानक ४० बिटांवर कोसळला. दोन हजार रोमन अक्षरांचे पत्र पोहोचण्यास आता साडेसहा मिनिटे लागली असती. तेवढ्या वेळात माणूस ते हाती घेऊन पायी पोहोचला असता.

२/ तारा शाबूत होत्या, यंत्रे चालू होती. तरीही वाहतूक जवळजवळ थांबली होती. तरुण इंटरनेटवर ओढवलेल्या अशा संकटमालिकेतील हे पहिले संकट. पुढे वाढू पाहणारे जाळे स्वतःच्याच गर्दीखाली गुदमरणार की काय, असा प्रश्न उभा राहिला.

३/ तपासाचे एक साधन हाती होते: पिंग. डिसेंबर १९८३मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी ते एका संध्याकाळी लिहिले. नाव घेतले पाणबुडीच्या सोनारवरून. दूरच्या यंत्राला हाक द्यायची आणि ओ येण्यास किती वेळ लागतो ते मोजायचे. मात्र ओ उशिरा का आली, हे पिंगला सांगता येत नाही.

४/ प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातील मायकेल कॅरेल्स यांनी पॅकेटांचा प्रवासच कागदावर उतरवला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर पॅकेटचा क्रमांक, प्रत्येक पॅकेटसाठी एक ठिपका. एकाच उंचीवर दोन ठिपके दिसले की समजावे, तेच पॅकेट पुन्हा पाठवले गेले आहे.

५/ या ठिपक्यांतून दोष उघड झाला. जोडणी होताच प्रत्येक यंत्र पॅकेटांचा लोंढा एकदम सोडत होते. वाटेवरच्या यंत्राची रांग भरून वाहू लागे आणि पॅकेटे गळत. पोच न आल्याने पाठवणारा तीच पॅकेटे पुन्हा पाठवी. कधी तर मूळ पॅकेट अजून वाटेतच असे. गर्दीवर गर्दी चढत गेली. नियम मोडणारे कोणीच नव्हते; नियमच अपुरे होते.

६/ उपाय पाठवणाऱ्याच्या वागण्यात सापडला. सुरुवात संथ करायची, पोच येईल तसा वेग वाढवायचा, पॅकेट हरवले की माघार घ्यायची. १९८८मध्ये या दोघांचे संशोधन प्रसिद्ध झाले. नव्या तारा न टाकता इंटरनेट सावरले.

७/ जेकबसन यांचे आणखी एक साधन म्हणजे ट्रेसराउट. मूळ सूचना स्टीव्ह डीअरिंग यांची. भरकटलेले पॅकेट कायम फिरत राहू नये म्हणून त्याला आयुष्य नेमून दिलेले असते. प्रत्येक टप्प्यावर ते एकाने घटते. शून्य झाले की पॅकेट नष्ट होते आणि तो टप्पा पाठवणाऱ्याला तसे कळवतो. मग मुद्दाम एक, दोन, तीन टप्प्यांचे आयुष्य देऊन पॅकेटे पाठवली, तर त्यांच्या मृत्यूच्या वार्तांमधून सारा मार्ग उलगडतो.

८/ आज एका क्लिकमागे शेकडो यंत्रे राबतात. २०१०मध्ये गुगलने डॅपर या आपल्या प्रणालीची माहिती प्रसिद्ध केली. तीत निवडक विनंत्यांना ओळखक्रमांक देऊन त्यांचा यंत्रायंत्रांतून होणारा प्रवास टिपला जातो. विलंब नेमका कोठे झाला, हे त्या नोंदींवरून कळते. बर्कलीच्या ठिपक्यांनी हेच काम केले होते: प्रत्येक यंत्र आपापल्या जागी ठीक असतानाही सर्वांचे मिळून काय बिघडते आहे, ते दाखवण्याचे.